अर्धा लिटर लाल तेल

दिवाळी अंकाचा यंदाचा विषय 'तेल' ठरला, तेव्हा शेंगदाणा, करडई, लाकडी घाणा आणि अभ्यंगाचं तेल ही मानाची पानं आधीच वाटून झाली होती. मला संपादकांनी मोकळं सोडलं. खायचं आणि अंगाला लावायचं सोडून काहीही बघा, म्हणाले. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. दोन्हीकडे पाण्यावर इंजिनाची बोट चालते, तिकडे पर्यटकांसाठी आणि इकडे पुरासाठी. त्यातल्या मोठ्या इंजिनांच्या मागे, सहसा कुणाचं लक्ष जात नाही अशा जागी, अर्धा-पाऊण लिटर तेल असतं. ते इंजिनात जळत नाही, इंजिनाला वंगण पुरवत नाही. ते इंजिन उचलतं, आणि उचललेलं धरून ठेवतं. ते कोणतं घालायचं आणि कधी बदलायचं एवढंच विचारायला मी निघाले. कोयनेच्या काठी आणि कृष्णेच्या काठी उत्तरं वेगवेगळी मिळाली.

बटण कशासाठी

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडलं की रस्ता उतरत उतरत बामणोलीला पाण्यात जाऊन थांबतो. समोर कोयनेचा शिवसागर. सुमारे 50 किलोमीटर लांबीचा, 105 टीएमसीचा साठा. पलीकडे वासोट्याचं जंगल, वर तापोळा, कांदाटी खोऱ्यातली गावं. या गावांना बोट ही चैन नव्हे. बाजार, दवाखाना, शाळा यांची वाट पाण्यावरूनच जात आली आहे. जवळच मुनावळ्याला मार्च 2024 मध्ये सरकारी जलपर्यटन प्रकल्पाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून वेगवान बोटींचं कौतुक वाढलं आहे.

काठावरच्या बोटी सगळ्या एका जातीच्या नसतात. डिझेल इंजिन बोटीच्या पोटात आणि दांडा तळातून बाहेर, अशी रचना असेल तर पंखा जिथे आहे तिथेच राहतो. उचलायचा प्रश्नच येत नाही. मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन म्हणजे 'ओबीएम'. त्यातली लहान इंजिनं हाताने उचलतात. पण साठ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या पुढे जातं, ते एकट्या माणसाने वाकून उचलणं शक्य नाही. तिथे बटण येतं.

बोटवाल्या मामांनी बटण दाबून दाखवलं. घुंऽऽ असा बारीक आवाज, आणि एवढं मोठं धूड सावकाश वर आलं. "ताई, हे वर घ्यायचं काठाला लावताना. पण खरी गंमत चालवताना हाय," असं म्हणून त्यांनी मला मागे बसवलं.

सुटताना त्यांनी इंजिन पूर्ण खाली, फळीला चिकटवून ठेवलं. त्यामुळे पंख्याचा रेटा नाक खाली दाबतो आणि बोट लवकर पाण्यावर चढते. चढली की थोडंसं बाहेर. नाक हलकं झालं, पाण्याचं घर्षण कमी झालं, आवाज बदलला. मग मला दाखवायला म्हणून त्यांनी आणखी बाहेर काढलं आणि बोट ठेका धरून उड्या मारायला लागली. पुन्हा किंचित आत, की शांत. हा सगळा खेळ साधारण वीस अंशांतला. त्याला ट्रिम म्हणतात. त्यापुढे सत्तर अंशांपर्यंत इंजिन आडवं होतं तो टिल्ट, उथळ पाण्यासाठी आणि काठावर लावण्यासाठी. पर्यटक पुढे बसले की नाक खाली जातं, मागे सरकले की वर येतं. मामा एक शब्द न बोलता अंगठ्याने ते सावरत राहतात. पेट्रोलचा भाव बघता बोटवाल्याला हा अंगठा किती वाचवून देतो, ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

ठोकळ्याच्या आत

इंजिनाच्या कंसात हाताच्या पंजाएवढा एक ठोकळा असतो. वर बारा व्होल्टची मोटार, जी दोन्ही दिशांना फिरते. तिच्याखाली दातेरी चाकांचा छोटा पंप. शेजारी तेलाची टाकी, मध्ये झडपा, आणि त्यांना जोडलेले सिलिंडर. 'वर' दाबलं की पंप सिलिंडरच्या एका बाजूला तेल ढकलतो, 'खाली' दाबलं की दुसऱ्या बाजूला. बटण सोडलं की झडपा बंद होतात आणि तेल जिथे आहे तिथे कोंडलं जातं. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून इंजिनही तिथेच राहतं. सगळी शक्ती एवढ्या साध्या गोष्टीत आहे, आणि सगळे बिघाडही.

कारण तेलात हवा शिरली की हवा मात्र दाबली जाते. मग इंजिन लुसलुशीत होतं. पंख्याच्या रेट्याने आत-बाहेर हलतं. झडपेखाली कचरा अडकला की कोंडलेलं तेल हळूहळू निसटतं आणि रात्री वर ठेवलेलं इंजिन सकाळी खाली आलेलं दिसतं. "बसलं" म्हणतात इथे.

या ठोकळ्यात एक झडप अशी असते, जी आयुष्यात क्वचितच उघडावी. शिवसागराचं पाणी पावसाळ्यानंतर काठोकाठ आणि उन्हाळ्याच्या शेवटी खूप खाली, कारण ते वीज करत आणि शेताला पाणी देत खाली खाली जातं. पाणी ओसरलं की जुनी वस्ती वर येते: बांध, चौथरे, खडक, झाडांचे खुंट. पाणी भरलेलं असताना जिथून बोट बिनधास्त जाते तिथे एप्रिल-मेमध्ये काय असतं, हे मामांसारख्यांना पाठ असतं. नव्या पोराला नसतं. धावत्या बोटीचा खालचा भाग खडकाला धडकला तर कोंडलेलं तेल इंजिनाला मागे हटू देणार नाही, आणि कंस किंवा बोटीची फळीच फुटेल. म्हणून धक्क्याचा दाब ठरावीक हद्दीपलीकडे गेला की ही झडप क्षणभर वाट देते, इंजिन मागे झुलतं आणि पुन्हा जागेवर येतं. या एका क्षणात तेल अरुंद भोकातून झपाट्याने निसटायला हवं. इथे तेलाचा पातळपणा कामाचा ठरतो, आणि इथूनच निवडीचा वाद सुरू होतो.

अडुसष्ट नंबर

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर गॅरेजं, ऑइल सीलची दुकानं आणि तेलाचे डबे यांची ओळच आहे. तिथे एका दुकानात जाऊन मी "हायड्रोलिकचं तेल द्या" म्हटलं. पोराने न विचारता हात वर केला: अडुसष्ट. सर्वो सिस्टीम, एन्क्लो, हायड्रोल, कंपनी कोणतीही असो, नंबर 68. ऊस पट्ट्यात हेच खपणार. ट्रॉली उलटवणारा जॅक, जेसीबी, कारखान्यातली यंत्रं, सगळीकडे हाच नंबर किंवा त्याचा धाकटा भाऊ 46. नंबर म्हणजे चाळीस अंश सेल्सिअसला तेल किती दाट, त्याचं माप. आकडा मोठा, तेल दाट.

बोटीचं म्हटल्यावर मालक पुढे आले. "बोटीला अडुसष्ट नका घालू, वैनी. स्टेअरिंगचं लाल घ्या." लाल म्हणजे एटीएफ, आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींसाठी बनलेलं तेल, जे पॉवर स्टेअरिंगमध्येही जातं.

यामाहा, सुझुकी, होंडा यांच्या बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिका ट्रिमसाठी डेक्स्रॉन जातीचं एटीएफच सांगतात. मर्क्युरीचं स्वतःचं वेगळं ट्रिम-स्टेअरिंगचं तेल आहे. जुन्या मर्क्रुझरच्या काही पुस्तिकांत तर चक्क 10डब्ल्यू-30 किंवा 10डब्ल्यू-40 इंजिन ऑइल लिहिलेलं सापडतं. म्हणजे एकच 'खरं' तेल असं काही नाही. डेक्स्रॉन हे जनरल मोटर्सचं मानक; त्यातल्या तिसऱ्या पिढीचे परवाने 2006 अखेर बंद झाले. आज डब्यावर 'डेक्स्रॉन-3' दिसतं ते 'त्या गुणांचं' या अर्थाने, कंपनी आपल्या हिमतीवर लिहिते. म्हणून दुकानदाराने डबा पुढे केला की मागचं लेबल वाचावं, पुढचं चित्र नव्हे.

मग अडुसष्ट का नको? तसं पाहिलं तर ते खनिज तेलच. सिलिंडरमधल्या रबराच्या सीलना त्याचं वावडं नाही. भर उन्हाळ्यात सांगलीत पारा चाळिशीच्या पलीकडे जातो, तेव्हा ते चालूनही जाईल. पण डिसेंबरच्या पहाटे बामणोलीला बोटीवर दव साचलेलं असतं. गारठ्यात 68 फार दाट होतं. एटीएफचा गुण असा की थंडीत ते फारसं घट्ट होत नाही आणि उन्हात फारसं पातळ होत नाही. साध्या हायड्रोलिक तेलाला तो समतोल जमत नाही. ट्रॅक्टरचा पंप इंजिनाच्या ताकदीवर फिरतो, त्याला दाट तेल ओढणं अवघड नाही. बोटीच्या ठोकळ्यातली मोटार बॅटरीवर चालते. तेल दाट झालं की ती जास्त करंट ओढते, इंजिन रडतखडत वर येतं, रिले तापतो, ब्रश झिजतात. मग मालक म्हणतो बॅटरी गेली. नवी बॅटरी येते आणि दुखणं तसंच.

माझं मत विचाराल तर या भागात अडुसष्टने झालेलं नुकसान हळू असतं, म्हणूनच ते पकडलं जात नाही. पकडलं जातं ते ब्रेक ऑइलचं. तेही 'हायड्रोलिकच' ना, या समजुतीने कुणीतरी घालतं. साधं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्याला सोसेल असं निराळं असतं. ट्रिमच्या सिलिंडरमधली सील खनिज तेलासाठी केलेली. त्यांना ब्रेक ऑइल लागलं की ती फुगतात, मऊ पडतात, धार सोडतात. मग तेल बदलून भागत नाही. पूर्ण ठोकळा उघडायचा. त्या शंभर फुटी रस्त्यावर मालकांनी मला फुगलेलं एक सील दाखवलं, नव्याच्या शेजारी ठेवून. बोटाने दाबलं तर कडेचा तुकडाच हातात आला.

बदलायचं कसं

बऱ्याच पुस्तिकांत हे तेल अमुक महिन्यांनी बदला असं लिहिलेलंच नसतं. पातळी तपासा, एवढंच. तेव्हा बदलायची वेळ तेलच सांगतं. लालचं तपकिरी झालं आणि जळका वास आला, तर उष्णता. दुधी झालं, चहासारखं दिसायला लागलं, तर पाणी. चकचकीत कण दिसले, तर पंपाचे दाते झिजतायत. मग नुसतं तेल बदलणं म्हणजे मनाचं समाधान.

बामणोलीला मी गेले तेव्हा एक मेस्त्री हेच काम करत होता. पोरगा तिशीतला, साताऱ्याच्या एमआयडीसीत काही वर्षं काढून परत आलेला. त्याने आधी बोट काठावर ओढून घ्यायला लावली. पाण्यात उभ्या बोटीवर हे काम तो करत नाही. इंजिन पूर्ण वर घेतलं आणि कंसाची लोखंडी आडणी खाली पाडून इंजिन तिच्यावर टेकवलं. "तेलाच्या भरवशावर खाली हात घालायचा नाय," असं म्हणाला आणि मगच टाकीच्या बुचाला पान्हा लावला. बूच उघडायचं ते इंजिन वर असतानाच. कारण दांडे बाहेर आलेले असतात तेव्हा बरंचसं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि टाकीतली पातळी सर्वांत खाली असते. इंजिन खाली असताना तेच तेल टाकीत परत येतं, वरची हवा दाबली जाते, आणि बूच सैल केलं की तोंडावर पिचकारी. पातळीही त्यामुळेच वर असतानाच बघायची: भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, काठोकाठ नाही.

जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजला नळी लावून त्याने जुनं तेल ओढलं. दुधी होतं. टाकीतलं निघालं तरी सिलिंडरमधलं उरतंच, म्हणून नवं भरायचं, इंजिन चार-पाच वेळा वर-खाली करायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. दुसऱ्या खेपेला तेल गुलाबी-दुधी आलं, नंतर लाल. शेवटी पुन्हा वर-खाली, आणि प्रत्येक वेळी टाकीत बुडबुडे आले की थोडं थांबून भर. घाईने सारखं बटण दाबलं तर तेलाला फेस येतो आणि हवा निघायच्या ऐवजी मिसळते. बुचाची रबरी रिंग त्याने नवी घातली. दहा-वीस रुपयांची वस्तू; पाणी बहुधा तिच्यातूनच आत गेलं होतं.

एका गोष्टीवर तो हसत होता. ठोकळ्याच्या बाजूला एक स्क्रू असतो. बॅटरी उतरली तर तो सैल करून इंजिन हाताने वर-खाली करता येतं. काम झाल्यावर तो परत घट्ट करायचा. बरेच जण विसरतात. मग इंजिन बसतं, तेल बदललं जातं, सील बदलली जातात, आणि इंजिन पुन्हा बसतं. कुणीतरी येऊन पेचकसाने दोन वळसे देतं आणि पैसे न घेता जातं. मी मात्र पैसे घेतो, असं तो म्हणाला.

काढलेलं तेल पाण्याच्या बाटलीत भरलं गेलं. ते कुठे जातं? दाराच्या बिजागरीला, बैलगाडीच्या आखाला, वाळवी लागणाऱ्या वाशाला. कायद्याने वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे आणि 2016 च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. बामणोलीत तशी गाडी अर्ध्या लिटरसाठी येणार नाही. पण निदान ते जलाशयात ओतलं जाऊ नये, कारण या काठाला कोयना अभयारण्य लागून आहे आणि धरणाखालून कोयना कराडला कृष्णेला समोरासमोर येऊन मिळते. पुढे हेच पाणी सांगलीच्या नळाला येतं.

दहा महिने झोपलेलं इंजिन

आणि पावसाळ्यात तेच पाणी सांगलीच्या दाराशी येतं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कर्नाळ रस्ता, दत्तनगर, गावभाग, सगळीकडे बोटी फिरल्या. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. त्यात बायका आणि लहान मुलं होती. त्या दुर्घटनेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं हा मुद्दा होता. त्याचा ट्रिमशी संबंध लावायचं कारण नाही. पण त्यानंतर नदीकाठच्या गावांसाठी बोटी घेतल्या गेल्या, आणि 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा त्या लागल्या.

बचावाच्या बहुतेक रबरी बोटींना हाताने उचलायचं हलकं इंजिन असतं, आणि ते योग्यच आहे. इंजिन ट्रकमधून उतरवून दोघा-तिघांनी पाण्यापर्यंत न्यायचं, तर त्याला मोटार आणि ठोकळ्याचं ओझं नको. फायबरच्या मोठ्या बोटींना मात्र बटण असतं, आणि पुराच्या गल्लीत त्याची परीक्षा शिवसागरापेक्षा कठीण असते. खाली रस्त्याचा दुभाजक, उभी मोटारसायकल, कुंपणाची तार, पंख्यात गुंडाळणारी साडी. इंजिन निम्मं उचलून हळूहळू जावं लागतं. त्या उंचीवर सगळा भार टिल्टच्या सिलिंडरवर असतो. घाईने वेग दिला तर बऱ्याच इंजिनांची झडप मुद्दाम सैल सोडते आणि इंजिन खाली येतं. दुभाजकावर. हे चालवणाऱ्याला ठाऊक हवं, कारण तो बिघाड नव्हे, तसंच बनवलेलं आहे.

पुराचं पाणी म्हणजे गाळ. दांडा बाहेर असताना त्यावर बारीक रेती बसते, आत जाताना सीलच्या ओठावर घासली जाते. कोयनेचं पाणी गोडं आणि निवळ, तिथे दांडा वर्षानुवर्षं चकचकीत राहतो. कोकणात खारं पाणी त्याला फोड आणतं. सांगलीत गाळ ओरखडे पाडतो. पूर ओसरल्यावर बोट गोड्या पाण्याने धुणं हे काम शेवटी राहतं, कारण तोवर सगळं शहरच धुवायचं असतं.

पण सांगलीच्या बोटीचा खरा शत्रू झोप आहे. बामणोलीची बोट हंगामात रोज चालते. पावसाळ्यात वासोटा बंद असला तरी मालकाचा डोळा तिच्यावर असतो, कारण तिच्यावर घर चालतं. इंजिन जरा जड वर आलं तर त्याला त्याच दिवशी कळतं. बचावाची बोट दहा-अकरा महिने शेडमध्ये. बॅटरी उतरते. तेलात शिरलेलं थोडंसं पाणी तळाला बसून पंपाच्या पोलादाला गंजवतं. सील एकाच जागी दबून राहतं. जास्त चालून खराब झालेलं तेल रंगाने ओळखू येतं. न चालता खराब झालेलं तेल टाकीच्या तोंडाशी लालच दिसतं.

जूनच्या आधी कृष्णेत बचाव पथकांची रंगीत तालीम होते. बोटी उतरतात, इंजिनं सुरू होतात, लाइफ जॅकेट घातलेली माणसं दोरी फेकतात, फोटो निघतात. हे चांगलंच आहे. पण इंजिन सुरू होणं ही एक गोष्ट आणि रात्रभर वर टिकणं ही दुसरी. तिची चाचणी बिनपैशाची आहे. इंजिन निम्मं वर घ्यायचं, आडणी लावायची नाही, खालच्या पात्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून खडूने फळीवर लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. इंचभर फरक पडला तरी कारण शोधायला महिनाभर हातात असतो.

एका शेडमध्ये मी हे सुचवून पाहिलं. तिथल्या काकांनी नोंदवही दाखवली. इंजिनात तेल, गिअर बॉक्समध्ये तेल, पेट्रोल, बॅटरी, जॅकेट, दोर, सगळ्यांना रकाना होता. ट्रिमच्या तेलाला नव्हता. त्यांनी पेन काढून शेवटच्या रेघेखाली हाताने 'उचलायचं तेल' असा रकाना ओढला आणि मला विचारलं, "ह्यात लिहू काय? लिटर की इंच?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की मग एक रेघ आणखी मारावी लागेल, आणि पट्टी शोधायला आत गेले.